डायनासोर खातं नसलेली काउंटी

२०२१ सालच्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या रटलंड काउंटी कौन्सिलचा फोन वाजला. पलीकडे होता रटलंड वॉटर जलाशयावरच्या निसर्ग-राखीव क्षेत्राचं काम पाहणारा माणूस. देखभालीसाठी उपसलेल्या एका तळ्याच्या चिखलातून त्याला मातीच्या पाइपांसारखं काहीतरी डोकावताना दिसलं होतं. जवळ जाऊन बघतो तर पाठीचे मणके. त्याने कळवलं की बहुधा डायनासोर सापडलाय. तिकडून उत्तर आलं, आमच्याकडे डायनासोरचं खातं नाही, कोणाला तरी तुम्हाला फोन करायला सांगतो.

हसू येतं खरं, पण त्या कचेरीत नसलेलं ते बहुधा एकमेव खातं असावं. शाळा, रस्ते, ग्रंथालयं, कचरा, बांधकाम परवाने, निराधार मुलं, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, सगळं तिथेच. पोलीस आणि अग्निशमन तेवढं शेजारच्या लेस्टरशरबरोबर सामायिक. आणि हा सगळा पसारा कितीजणांसाठी? २०२१ च्या जनगणनेत रटलंडची लोकसंख्या भरली सुमारे ४१ हजार. त्यांच्यासाठी निवडून दिलेले सदस्य २७, म्हणजे दर दीड हजार माणसांमागे एक. आपल्याकडे एवढ्या लोकांत जेमतेम एका मतदान केंद्राची यादी होते.

क्षेत्रफळ ३८२ चौरस किलोमीटर. उत्तर-दक्षिण २९ किलोमीटर, पूर्व-पश्चिम २७. सकाळी चहा घेऊन सायकलवर टांग मारली तर न्याहारीच्या वेळेला माणूस काउंटीच्या बाहेर. शहरं मोजून दोन, ओकम आणि अपिंगम. बाकी सगळी खेडी, मेंढ्या आणि मधाच्या रंगाच्या चुनखडीची घरं. इंग्लंडच्या ऐतिहासिक काउंट्यांमध्ये हीच सर्वात लहान. तिचं लॅटिन ब्रीदवाक्य आहे ‘मल्टम इन पार्वो’, थोडक्यात पुष्कळ.

त्या थोडक्यात काय काय बसलंय ते बघा. ज्यासाठी तो फोन केला गेला तो प्राणी डायनासोर नव्हताच, इक्थिओसॉर निघाला. समुद्री सरपटणारा, लांबी १० मीटर, वय १८ कोटी वर्षं. नुसत्या कवटीचा तुकडा, भोवतीच्या चिकणमातीसकट, टनभर वजनाचा. त्याच्या आदल्याच वर्षी केटन गावाजवळच्या एका शेतात जमीनमालकाच्या मुलाला मातीत वेगळीच खापरं दिसली. खणलं तर खाली रोमन काळातली ११ बाय ७ मीटरची नक्षीदार फरशी, रंगीत खड्यांत जडवलेलं ट्रॉयचं युद्ध, अखिलीस आणि हेक्टर. इंग्लंडभर रोमन अवशेषांना तोटा नाही, पण हा प्रसंग असा जडवलेला दुसरीकडे कुठे मिळाला नव्हता. वर नांगरट चालू होती, खाली हेक्टर पडून होता.

माणसांतही तेच. राजा पहिल्या चार्ल्सच्या राणीसमोर मेजवानीत ‘पाय’ नावाचा भरलेला इंग्रजी पदार्थ ठेवला, तो कापला तर आतून माणूस बाहेर आला. तो जेफ्री हडसन, जन्म ओकम १६१९, तेव्हाची उंची सुमारे ४५ सेंटीमीटर. पुढे त्याने द्वंद्वात एकाला मारलं, चाचांच्या हाती लागला आणि कितीतरी वर्षं उत्तर आफ्रिकेत गुलामीत काढली.

ओकमच्या किल्ल्यात बाराव्या शतकातलं एक दालन शाबूत आहे. आत गेलं की भिंतींवर नाल दिसतात, घोड्याचे, पण बहुतेक कुठल्याही घोड्याच्या खुराला न बसणारे. काही तर परातीएवढे, वर मुकुट कोरलेले. कुणीही उमराव किंवा राजघराण्यातला पहिल्यांदा गावात आला की त्याने एक नाल जमा करायचा, असा दंडक. २३० च्या वर जमलेत. टोकं खाली करून टांगलेले. इतर ठिकाणी असा टांगला तर नशीब सांडतं म्हणतात. रटलंडचं सांडलेलं दिसत नाही, किंवा निदान अजून संपलेलं नाही.

कारण एवढीशी काउंटी हवीच कशाला, असा हिशेब करणारे दर थोड्या काळाने येतातच. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत रटलंड धड काउंटीही नव्हतं, त्याचा बराचसा भाग नॉटिंगहॅमशरच्या मागे जोडून दिलाय. १९६० च्या दशकात ते लेस्टरशरमध्ये घालायचं ठरत होतं. लोकांनी आरडाओरडा केला, ते टळलं. १ एप्रिल १९७४ ला मात्र टळलं नाही. वस्ती तेव्हा तीस हजारांच्याही आत, काउंटी मोडून लेस्टरशरचा एक तालुका झाली.

त्याच सुमारास ग्वॉश नदीच्या खोऱ्यात धरण बांधणं चालू होतं. आपल्या मापाने साडेचार टीएमसीच्याही जरा आतलं पाणी, म्हणजे महाराष्ट्रात मध्यम धरण म्हणून खपून जाईल. पण पसरलं सुमारे ११ चौरस किलोमीटरवर, पृष्ठभागाच्या मापाने इंग्लंडमधला सर्वात मोठा जलाशय, आणि काउंटीचा जवळजवळ ३ टक्के भाग पाण्याखाली. नेदर हँबलटन गाव गेलं. नॉर्मंटनचं चर्च अर्धं बुडणार होतं. खालच्या अंगात दगडगोटे भरून जमीन खिडक्यांपर्यंत उचलून घेतली, म्हणून आज ते पाण्यात कमरेपर्यंत उभं असल्यासारखं दिसतं. जलाशयाला आधी एम्पिंगम या गावाचं नाव होतं. काउंटी पुसली जातेय म्हटल्यावर लोकांनी निदान पाण्याला तरी रटलंडचं नाव लावून घेतलं. पुढची बरीच वर्षं नकाशावर रटलंड ठळकपणे उरलं ते त्या निळ्या डागात.

१ एप्रिल १९९७ ला काउंटीला तिचं कौन्सिल परत मिळालं. तारीख तीच, पण तिथे आर्थिक वर्ष एप्रिलच्या पहिल्या तारखेला सुरू होतं, थट्टेचा भाग नाही. स्वातंत्र्याची किंमत घरपट्टीत दिसते: इंग्लंडमधल्या सर्वात चढ्या दरांमध्ये रटलंड नेहमी वर असतं. साहजिकच आहे. संचालक, वकील, हिशेबनीस मोठ्या काउंटीला लागतात तेवढेच इथेही लागतात, वाटून घ्यायला माणसं मात्र ४१ हजार.

डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या सरकारने पुन्हा कागद काढला. नव्या एकस्तरीय, म्हणजे रटलंडसारख्या सगळी कामं एकाच कचेरीत असलेल्या कौन्सिलला साधारण पाच लाख लोकसंख्या असावी, असं त्यात म्हटलंय. पाच लाखांत रटलंड बारा वेळा बसतं, वर आठ हजार माणसं शिल्लक राहतात.