गावाच्या पाणलोटाचे नियोजन : आधी माथा, मग नाला

जूनअखेर सोयाबीन उगवून आलेले असते, कपाशी दोन-चार पानांवर असते आणि एखाद्या दुपारी तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस कोसळतो. माळावरचे पाणी बांध फोडून खाली येते, खालच्या शेताच्या कोपऱ्यात घळ पडते आणि रोपे मातीसकट ओढ्याला लागतात. त्याच गावात फेब्रुवारीत विहिरी तळ गाठतात. नुकसान करणारे आणि नंतर न मिळणारे पाणी एकच आहे, हे लक्षात घेऊन नियोजन करावे.

हिशोब सोपा आहे. १ हेक्टर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. ५० मिलिमीटरचे झाले ५ लाख लिटर. उघड्या, उताराच्या माळावरून त्यातील एक पंचमांश वाहून गेले असे धरले, तरी हेक्टरी १ लाख लिटर होतात. माथ्याचे क्षेत्र १०० हेक्टर असेल तर एका पावसात १ कोटी लिटर गढूळ पाणी नाल्यात उतरते. ते खाली एका सिमेंट बंधाऱ्यात अडवायचे ठरवले, तर बहुतेक पाणी सांडव्यावरून जाते आणि मागे गाळ तेवढा उरतो. म्हणूनच कामांचा क्रम ‘माथा ते पायथा’ असा सांगितला जातो. प्रत्यक्षात अनेक गावांत तो उलटा होतो, कारण नाल्यातले काम चटकन दिसते आणि जेसीबीही तिथेच सहज पोहोचतो.

शिवारफेरी पावसातच करावी

उन्हाळ्यात केलेल्या शिवारफेरीत पाणी कुठून येते याचा फक्त अंदाज बांधता येतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच गट नकाशा घेऊन फिरावे. पाणी कोणत्या गटातून कोणत्या गटात उतरते, बांध कुठे फुटला, रस्त्याच्या मोरीचे पाणी कोणाच्या शेतात सुटते, हे नकाशावर जागच्या जागी मांडावे. या फेरीत गुराखी आणि शेळीपालक सोबत असावेत. माळाची त्यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाला नसते. शिवाय पुढे चराईबंदीचा प्रश्न येतो तेव्हा सर्वांत जास्त झळ त्यांनाच बसते.

माथ्यावरील कामे

माळावर सलग समतल चर घ्यावेत. आखणी नजरेने करू नये. हायड्रोमार्कर किंवा ए-फ्रेम वापरूनच समपातळी रेषा काढावी. रेषा चुकली तर चराचाच पाट होतो आणि सर्व पाणी एका टोकाला फुटते. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चरात प्रतिमीटर १८० लिटर पाणी मावते. वरच्या हिशोबातील हेक्टरी १ लाख लिटर अडवायला सुमारे ५५० मीटर चर लागतो, म्हणजे दोन ओळींत साधारण १८ मीटर अंतर. उतार जास्त असेल तर ओळी जवळ घ्याव्यात. माती उताराच्या बाजूला, चराच्या काठापासून थोडी जागा सोडून टाकावी. नाहीतर तीच माती पुन्हा चरात येते. जमीन वन विभागाची असेल तर आधी परवानगी घ्यावी.

चर दोन-तीन पावसाळ्यांत भरत जातात. त्यानंतर पाणी अडवण्याचे काम गवतच करते. म्हणून मातीच्या भरावावर पहिल्याच पावसात मारवेल, पवन्या अशी गवते आणि स्टायलो लावावे. चराईबंदी सरसकट न करता माळाचे भाग पाडून आळीपाळीने बंद ठेवावेत आणि बंद भागातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क शेळी-मेंढीवाल्यांना द्यावा. हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावे. तोंडी ठरलेले पहिल्या टंचाईत मोडते.

शेतात आणि नाल्यात

हलक्या जमिनीत समतल बांध चालतात. भारी काळ्या जमिनीत मात्र अडवलेले पाणी साचून पीक पिवळे पडते. तिथे ढाळीचे बांध घालावेत, सोयाबीन रुंद वरंबा सरीवर पेरावे आणि जादा पाणी गवत लावलेल्या पाणवाटेने सावकाश बाहेर काढावे. बांधावर वाळ्याची दाट ओळ लावली तर मुळे खोल जाऊन माती धरतात. प्रत्येक बांधाला दगडी सांडवा हवाच.

नाल्यात वरच्या टप्प्यात दगडी अनघड बांध, खाली गॅबियन आणि सर्वांत शेवटी सिमेंट बंधारा घ्यावा. खोलीकरण जपून करावे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत साठते. नाला या थराच्याही खाली कठीण खडकापर्यंत खोदला, तर शेजारच्या विहिरींचे पाणी नाल्याकडे उतरू शकते. काठावर करंज, बांबू, निर्गुडी लावावी.

गावठाणाचे पाणी

सिमेंटचे रस्ते आणि पत्र्याची छपरे यांवरून जवळपास सगळे पाणी वाहते, तरी आराखड्यात ते धरलेच जात नाही. छपराचे पाणी गाळणीतून विहिरीत किंवा टाकीत घ्यावे. सांडपाण्यासाठी वेगळे शोषखड्डे करावेत. नांदेड जिल्ह्यात त्यांचा मोठा प्रसार झाला आहे. पिण्याच्या विहिरीजवळ शोषखड्डा नको आणि गटाराचे पाणी पुनर्भरणात अजिबात सोडू नये.

अडवलेले पाणी कोणाचे?

१०० हेक्टरवर ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०० टीसीएम, अर्थात ५० कोटी लिटर. त्यातले १० टक्के जरी उपशासाठी मिळाले तरी ५ कोटी लिटर होतात. उसाला हेक्टरी सुमारे २ कोटी लिटर पाणी लागते, म्हणजे हे पाणी अडीच हेक्टर उसात संपते. हरभऱ्याला हेक्टरी २५ ते ३० लाख लिटर धरले तर त्यावर १६ ते २० हेक्टर भिजते. श्रमदान सगळ्या गावाने करायचे आणि पाणी नवी बोअर घेणाऱ्या दोघा-तिघांनी उपसायचे, असे झाले की पुढच्या वर्षी श्रमदानाला माणूस फिरकत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारात पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. तिथे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदानासोबतच सिंचनासाठी बोअरवेल न घेण्याचा आणि ऊस, केळी टाळण्याचा नियम गावाने पाळला. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीची पिके ठरवली जातात.

आपल्या गावात सुरुवात करताना चार-पाच विहिरी निवडून दर महिन्याच्या १ तारखेला पाणीपातळी मोजावी आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावी. कृषी सहायकांनी ऑक्टोबरच्या नोंदी घेऊनच रब्बीच्या पीक नियोजनाची बैठक लावावी. चर, सांडवे व बंधाऱ्यांची दुरुस्ती आणि गाळ काढणे मे महिन्यात उरकावे. निघालेला गाळ हलक्या जमिनीत पसरावा. त्यात आधी माथ्यावरच्या अल्पभूधारकांचा नंबर लावावा.