मास्तरांचा आवाज आणि खोलीचा आवाज

शुद्धलेखनाच्या वहीत ‘पाठ’चा ‘पाट’ झाला आणि ‘थाट’चा ‘ताट’ झाला, की आपण मुलाचे कान पिरगाळतो. पुष्कळदा अपराधी मूल नसतेच, खोली असते!

मध्यंतरी नाणे मावळात वडिवळ्याच्या बाजूला गेलो असता एका शाळेचा नवा वर्ग पाहण्याचा योग आला. जुना वर्ग कौलारू. जमीन शेणाने सारवलेली, कौलांना फटी. वर गेलेला आवाज फारसा परत येत नसे. नव्या वर्गाला सिमेंटचे छत, गुळगुळीत गिलावा आणि चकचकीत फरशी. दिसायला झकास! रिकाम्या वर्गात मी टाळी वाजवली, ती विरता विरेना. पुढे मुले आली, गुरुजी शब्द घालू लागले. मागच्या बाकावरचा मुलगा शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहून लिहीत होता. तोच पुढे बसवला तेव्हा भराभर लिहू लागला.

या घुमण्याचे गणित बसवले वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेले कुणाला कळेना. ऑर्गनची नळी वाजवावी, तर नाद साडेपाच सेकंद रेंगाळे. आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे बोलतो. म्हणजे एका वेळी वीस-पंचवीस अक्षरांची खिचडी! सॅबिनने रात्री दुसऱ्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून अंथरल्या, तेव्हा नाद सेकंदाच्या आसपास आला.

त्याचे सूत्र सोपे आहे. खोलीच्या घनफुटांना विसाने भागावे. आलेल्या उत्तराला खोली किती आवाज गिळते त्या आकड्याने भागावे. हे गिळणे उघड्या खिडकीच्या चौरस फुटांत मोजतात, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. आता वीस बाय पंचवीस, उंची बारा फूट असा वर्ग घ्या. रिकामा असता नाद जवळजवळ पाच सेकंद टिकतो. चाळीस मुले बसली आणि चार खिडक्या उघडल्या की सव्वा सेकंदावर येतो. (बाहेर मोटारींची वर्दळ असली तर खिडक्यांचा उपाय उलटतो, हे वेगळे.)

लांबी, रुंदी, उंची दुप्पट करा. घनफळ आठपट होते, भिंती मात्र चौपटच. मुले तेवढीच ठेवली तर नाद पाच-सहा सेकंदांवर जातो. म्हणून दोन तुकड्या एकत्र करून दिवाणखान्यासारख्या सभागृहात बसवणे मला मुळीच पसंत नाही. वडिवळ्याहून जवळच असलेल्या कार्ल्याचा चैत्य सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच. तेथे संथ मंत्रपठण शोभते. शुद्धलेखन घालून पाहा!

स्वर जोरकस, म्हणून ते रेंगाळतात आणि ‘थ’, ‘ठ’, ‘फ’ यांतला हलका श्वास त्यांखाली बुडतो. मोठ्यांना संदर्भाने शब्द कळतो. नवा शब्द शिकणाऱ्या पोराला तो आधार कोठला?

अमेरिकेने २००२ साली दहा हजार घनफुटांपर्यंतच्या वर्गाला ०.६ सेकंदाची मर्यादा घातली. ती गाठायला आवाज शोषणाऱ्या फलकांचे छत उत्तम. ते परवडत नसेल, तर मागच्या भिंतीवर जाड सतरंज्या टांगाव्या. मात्र त्या भिंतीपासून चार बोटे सुट्या असाव्या. चिकटवल्या तर बराचसा उपयोग वाया जातो.