नाडी १७६ वर गेली, घाबरायचं का?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळा सरला की पुण्यातल्या डॉक्टरांकडे सोमवारी ठरावीक प्रकारचे पेशंट येतात. रविवारी सिंहगड चढून आलेले. कुणाचा गुडघा धरलेला, कुणाची पोटरी. मध्यंतरी एक गृहस्थ आले, ते मात्र आकडा घेऊन. वय ४८, बँकेत नोकरी, मुलीचं लग्न सहा महिन्यांवर आलेलं आणि तोवर दहा किलो वजन उतरवायचंच, असा निश्चय. नाडी मोजणारं घड्याळही मुलीनंच वाढदिवसाला दिलेलं. आतकरवाडीच्या वाटेनं गड चढताना त्या घड्याळात १७६ दिसलं. म्हणाले, "डॉक्टर, २२० वजा वय म्हणजे माझी मर्यादा १७२. मी चार ठोके पुढे गेलो. हृदयाला काही इजा तर झाली नसेल?"

हे '२२० वजा वय' आलं कुठून, ते ऐकण्यासारखं आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेत विल्यम हॅस्केल आणि सॅम्युअल फॉक्स हे दोन तज्ज्ञ, हृदयरोग्यांनी किती जोरानं व्यायाम करावा, याचा विचार करत होते. त्यांनी दहाएक जुन्या अभ्यासांतले आकडे एकत्र करून आलेखावर मांडले आणि त्यांतून एक रेघ काढली. विसाव्या वर्षी २००, चाळिसाव्या वर्षी १८०, साठाव्या वर्षी १६०, असं साधारण दिसलं. म्हणजे २२० मधून वय वजा करा, झालं! १९७१ मध्ये ते छापून आलं आणि सोपं असल्यामुळे जगभर पसरलं. पुढे खुद्द हॅस्केल यांनीच सांगितलं, की ही काही काळ्या दगडावरची रेघ म्हणून काढलेली नव्हती. २००१ मध्ये अधिक माणसांच्या नोंदींवरून दुसरं सूत्र निघालं : वयाला ०.७ नं गुणा आणि ते २०८ मधून वजा करा. पण तीही सरासरीच. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल नाडीत वीस-पंचवीस ठोक्यांचा फरक सहज असतो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कुणाची कमाल १६० असेल, कुणाची १८५. दोघंही ठणठणीत.

त्यातून मनगटावरचं घड्याळ. ते कातडीवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची लाट ओळखतं. पट्टा सैल असला, हात हलत असला, तर चुकतं. कधीकधी तर ते नाडीऐवजी पावलंच मोजून मोकळं होतं. छातीला बांधायचा पट्टा त्याहून भरवशाचा. आणि काहीच नसलं तर दोन बोटं आहेतच. थांबल्या-थांबल्या मनगटावर नाडी पंधरा सेकंद मोजायची आणि चारनं गुणायचं. उशीर केला तर मात्र आकडा फसवतो, कारण नाडी भराभर उतरते.

शिवाय कमाल नाडी म्हणजे तुमच्या हृदयाला जास्तीत जास्त जेवढं जमतं तेवढं. व्यायामानं त्याच्या पलीकडे जाता येत नाही. म्हणून 'मर्यादा ओलांडली' हा शब्दच चुकीचा. सूत्र यांच्यापुरतं चुकलं होतं, एवढंच. (बसल्या जागी, बटण दाबल्यासारखी नाडी अचानक १६०-१८० झाली, किंवा वेडीवाकडी पडू लागली, तर ती गोष्ट निराळी. तिथे लगेच ईसीजी काढायला हवा.)

हे सगळं मी त्या गृहस्थांना समजावलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. उठता उठता सहज म्हणाले, "चढताना डावा जबडा दुखतो तेवढा. थांबलो की जातो. दाढ काढायचीच आहे."

मी त्यांना परत बसवलं.

श्रम केले की दुखतं आणि थांबलं की जातं, ते दुखणं दाढेचं नसतं. हृदयाचं दुखणं छातीतच होतं असं नाही. जबडा, मान, डावा हात, खांदा, पोटाचा वरचा भाग, कुठेही जाणवतं. कधी दुखतच नाही, नुसता दम लागतो आणि दरदरून घाम फुटतो. मधुमेहींमध्ये आणि बायकांमध्ये हे जास्त. आपल्याकडे या सगळ्याला एकच नाव आहे : 'गॅस झालाय'. त्या एका शब्दानं किती माणसं हॉस्पिटलात उशिरा पोचतात, हे आम्ही रोज पाहतो. यांची तपासणी केली, अँजिओग्राफी झाली. एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली निघाली. ज्या आकड्याची त्यांना धास्ती होती तो निरुपद्रवी होता आणि ज्याच्याकडे काणाडोळा केला होता, ते जिवावरचं.

वेगवान नाडी अशा हृदयाला का झेपत नाही? हृदय शरीरभर रक्त पुरवतं. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत. म्हणजे सगळ्या पंगतीला वाढणाऱ्या बाईनं मधल्या वेळात दोन घास खाऊन घ्यावेत, तसं. नाडी ६० असताना एका ठोक्याला पुरा एक सेकंद मिळतो. १५० झाली की ०.४ सेकंद, आणि त्यात सर्वांत जास्त काटछाट होते ती विश्रांतीची. काम वाढलेलं, जेवायला वेळ कमी. रक्तवाहिन्या मोकळ्या असतील तर त्या रुंदावतात आणि तेवढ्या वेळातही भरपूर रक्त पोचवतात. अरुंद झालेल्या वाहिनीला ते जमत नाही.

मग जोराचा व्यायाम करूच नये का? १९९३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या बाराशेहून अधिक लोकांना विचारलं, की झटक्याआधीच्या तासात तुम्ही काय करत होता? जे एरवी आठवड्यातून एकदाही अंगमेहनत करत नव्हते, त्यांना जोराच्या श्रमांच्या तासाभरात झटक्याचा धोका शंभर पटींहून अधिक वाढलेला दिसला. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा श्रम करणाऱ्यांमध्ये तो सुमारे अडीच पटच होता. आता शंभर पट ऐकून दचकू नका. पन्नाशीच्या निरोगी माणसाला एखाद्या विशिष्ट तासात झटका येण्याची शक्यता मुळात दहा लाखांत एखादी. तिची शंभर पट झाली, तरी दहा हजारांत एक. पण सहा दिवस खुर्चीत आणि सातव्या दिवशी गड, हा बेत कुणाला महागात पडतो, ते यावरून कळतं.

उलट बाजूही पाहा. नॉर्वेत २००७ मध्ये ज्यांची हृदयं झटक्यानंतर कमजोर झाली होती, अशा सरासरी पंचाहत्तर वर्षांच्या रुग्णांना कमाल नाडीच्या ९० ते ९५ टक्क्यांपर्यंत नेलं. चार-चार मिनिटांचे टप्पे, मध्ये हलकी चाल. त्यांची क्षमता नुसतं चालणाऱ्यांपेक्षा कितीतरी वाढली. अर्थात हे सारं तपासण्या करून आणि जाणकारांच्या देखरेखीत. तात्पर्य, वेगवान नाडी म्हणजे विष नव्हे. २०२१ मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार सेहेचाळिसाव्या वर्षी गेले, २०२२ मध्ये राजू श्रीवास्तव ट्रेडमिलवर कोसळले. तेव्हा माझ्या कितीतरी पेशंटांनी साधं फिरणंही सोडलं. असलं सोडणं त्यांना भोवणार आहे, गडापेक्षा जास्त.

आता वजनाकडे येऊ, कारण ही सारी घाई त्यासाठीच चाललेली असते. जिममधल्या यंत्रांवर 'फॅट बर्निंग'चा पट्टा रंगवलेला असतो, नाडी कमी असलेला. सावकाश व्यायामात जळणाऱ्या इंधनात चरबीचा वाटा जास्त, हे खरं. पण वाटा म्हणजे रक्कम नव्हे. पाच हजारांचे साठ टक्के तीन हजार आणि दहा हजारांचे चाळीस टक्के चार हजार. म्हणून काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि धापा टाकत सुटतात. तेही फारसं कामाचं नाही. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. पाऊणशे किलोच्या माणसानं तासभर झपझप चालून साधारण तीनशे जळतात. एक वडापाव आणि साखरेचा चहा, की हिशेब जवळजवळ फिटला. धावलं तर तासाला दुप्पट जळतील. पण न सवयीच्या माणसाला तासभर धावता येतंच कुठे? दहा मिनिटांत बसतो आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठत नाही. वजन उतरतं ते मुख्यतः ताटात कमी घेतल्यानं. उतरलेलं वजन परत चढू न देण्यात मात्र व्यायामाचा मोठा हात. पोटाला प्लास्टिक गुंडाळून घाम गाळणाऱ्यांविषयी तर काय बोलावं! जातं ते पाणी, तांब्याभर प्यायलं की परत येतं. मध्ये नाडी मात्र विनाकारण वाढते आणि उष्माघाताची भीती ती वेगळीच.

सुरुवात करणाऱ्यानं पहिले सहा-आठ आठवडे अशा वेगानं चालावं, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. ही कसोटी घड्याळापेक्षा बरी आहे. आकडाच हवा असेल तर अंदाजे कमाल नाडीच्या ५० ते ७० टक्के. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ८५ ते १२०. हे अंगवळणी पडलं, की मध्येच एखादं मिनिट जोर लावावा, पुन्हा साधी चाल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. शेवटची पाच मिनिटं वेग उतरवत यावं. धावता धावता एकदम थांबलं तर रक्त पायांत साठतं आणि भोवळ येते.

थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते, तेही पाहावं. क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं, की कमाल श्रमानंतर सावकाश चालत असताना पहिल्या मिनिटात बारा किंवा कमीच ठोके उतरत असतील, तर ते चांगलं लक्षण नाही. किती चढली यापेक्षा मला तरी हाच प्रश्न मोलाचा वाटतो.

थोडं चाललं तरी नाडी १४० होते, अशी तक्रार पुष्कळ बायका करतात. त्यांनी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावं. आपल्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तात प्राणवायू वाहणाराच कमी, मग हृदय खेपा वाढवतं. एप्रिल-मेच्या उन्हात त्याच चालीला नाडी दहा-पंधरा ठोके जास्त असते, तेव्हा वेग कमी करावा. अंगात ताप असताना जोराचा व्यायाम अजिबात नको. मधुमेहाची इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जोर करू नये. आणि चाळिशी ओलांडलेली, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू किंवा घरात लवकर आलेला हृदयविकार यांपैकी काही असेल, तर जोर वाढवण्याआधी डॉक्टरांना भेटावं. चाचणी चांगली आली म्हणजे कायमचा परवाना मिळाला, असं मात्र समजू नका. लक्षण दिसलं तर चाचणीचा कागद विसरायचा. वाटेत छाती भरून आली, तर 'एवढा टप्पा चढून जाऊ' नाही, 'हळूहळू उतरू' हेही नाही. आहे तिथे बसायचं, सोबत्याला सांगायचं आणि १०८ ला फोन करायचा.

त्या गृहस्थांची अँजिओप्लास्टी झाली. सहा किलो वजन उतरलं, लग्नही पार पडलं. आता त्यांना नाडी आवरणारी बीटा ब्लॉकर गोळी चालू आहे, त्यामुळे कितीही जोर केला तरी घड्याळ ११५-१२० च्या वर जात नाही आणि २२० चं सूत्र त्यांना मुळीच लागू पडत नाही. सकाळी पत्नीबरोबर टेकडीवर जातात. बोलता बोलता वाक्य मध्येच तुटलं, की त्या म्हणतात, "अहो, जरा हळू."