आजोबांचं खिशातलं घड्याळ मनगटावर

पालघर-बोईसर-तारापूरच्या मंडळींनो, घरच्या ट्रंकेत फेवर ल्युबा किंवा वेस्ट एंडचं साखळीवालं घड्याळ पडलंय? जुन्या मुंबईत खपलेली ही स्विस यंत्रं मनगटी होऊ शकतात. आधी चावी बघा. बिनझाकणाच्या घड्याळात ती १२ वर असते. मनगटासाठी ३ वर आणली की सेकंदकाटा ६ वरून ९ वर जातो, तबकडीही नवी लागते. झाकणवाल्यात चावी मुळातच ३ वर, म्हणून मला तीच आवडतात. युनिटासच्या ६४९७ आणि ६४९८ या खिशातल्या घड्याळांच्या यंत्रांत फरक हाच. ही यंत्रंच ३६.६ मिमी, म्हणजे केस चांगली ऐसपैस! जुन्या यंत्रांना बहुधा शॉकप्रूफ सोय नसते, आणि आपल्या खाऱ्या हवेत हेअरस्प्रिंग गंजू शकते. अंधारात चमकणाऱ्या जुन्या आकड्यांवर रेडियम असू शकतं, खरवडू नका. आणि मूळ चांदीची केस मोडीत घालू नका.