चिंचपोकळीचा कळफलक, डोंबिवलीची बोटे

चिंचपोकळी स्टेशनापासून पाच मिनिटांच्या वाटेवर, एका जुन्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची दहा बाय बाराची खोली आहे. वडील गिरणीत होते. १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा आम्ही सहा माणसे याच खोलीत झोपत असू. आता बिऱ्हाड डोंबिवलीला गेले आणि खोलीत राहतो तो एकटा संगणक. मी हिशेब लिहिणारा माणूस. लालबागच्या मिरची गल्लीतले दोन मसालेवाले, एक औषधांचे दुकान, एक छापखाना, अशा आठ-दहा गिऱ्हाइकांच्या वह्या माझ्याकडे असतात. वह्या म्हणायची आपली जुनी सवय. वास्तविक ते सारे ‘टॅली’त, आणि टॅली त्या संगणकात.

२२ मार्च २०२० ला लोकल बंद झाल्या आणि माझे दप्तर तिकडे, मी इकडे, अशी ताटातूट झाली. दुकानदारांना मात्र उसंत नव्हती. औषधवाल्याचा रोज फोन, “काका, कोणाचे किती देणे आहे तेवढे तरी सांगा!” मी काय सांगणार? आकडे डोक्यात थोडेच असतात!

लालबागला राहणारा आमचा भाचा म्हणाला, “मामा, डोंबिवलीत बसून तो संगणक चालवता येईल. फक्त पहिल्यांदा कोणी तरी त्याच्यापुढे बसले पाहिजे.” ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून सांगतो. दुरून जाण्याची वाट आधी जवळ बसूनच करावी लागते. तोंडाला फडके बांधून पोरगा चालत गेला, शेजारच्या काकूंकडून किल्ली घेतली आणि अर्ध्या तासात ‘क्रोम रिमोट डेस्कटॉप’ बसवून सहा आकडी पिन घालून मोकळा झाला. घाईत त्याने हे सगळे स्वतःच्याच एका जादा गूगल खात्यावर केले आणि त्या खात्याचा पासवर्ड मला कळवला. त्या क्षणी मला त्याचे कौतुकच वाटले.

संध्याकाळी मुलीच्या लॅपटॉपवर, आमच्या डोंबिवलीच्या जेवणाच्या टेबलावर, चिंचपोकळीच्या चिंतामणीचे चित्र उमटले. माझ्याच संगणकाचा पडदा तो! मी इकडे माऊस हलवला, तिकडचा बाण हलला. सौ. म्हणाली, “म्हणजे वह्या इकडे आल्या?” तर नाही. वह्या जागच्या हलत नाहीत. इकडून जातात ती फक्त बोटे, आणि तिकडून येते ते पडद्याचे चित्र. बेरीज-वजाबाकी सगळी चाळीतच होते.

विंडोजची स्वतःचीही अशी सोय आहे. पण ज्या संगणकावर जायचे त्यावर ‘प्रो’ आवृत्ती लागते. ‘होम’वर ती मिळत नाही, आणि माझ्याकडे होते ‘होम’. शिवाय बाहेरगावाहून यायचे तर राउटरमधून वाट काढावी लागते. काही उत्साही मंडळी त्यासाठी ३३८९ क्रमांकाचे दार साऱ्या जगाला सताड उघडे ठेवतात. चोर हेच दार आधी ढकलून बघतात! तसे कदापि करू नये.

माझा खरा छळ केला तो संगणकाच्या झोपेने. अर्धा तास हात लागला नाही की स्वारी निद्रिस्त, आणि झोपलेल्या संगणकाला माझी हाक ऐकू जात नसे. मग काकूंना फोन, “काकू, जरा ती पेटी जागी करता का?” बिचाऱ्या पोळ्या टाकून उठायच्या. पुढे भाच्याने झोपेची ती खूण काढून टाकली, आणि वीज जाऊन आली की संगणक आपोआप सुरू व्हावा, अशीही एक सोय आतल्या मांडणीत शोधून काढली. ही दुसरी सोय घरोघरच्या संगणकांत असते, पण तिकडे कोणी फिरकत नाही.

लोकल सुरू झाल्या, तरी गुडघ्यांनी कौल दिला तो डोंबिवलीच्याच बाजूने. असे पाचएक वर्षे चालले.

मग विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, असे जाहीर झाले. माझ्या जुन्या यंत्रावर अकरावी आवृत्ती चढेना, म्हणून नवे यंत्र घेतले. एव्हाना भाचा कॅनडाला. मी त्याला फोन करून म्हटले, “जुन्यावरची ती वाट नव्यावर हलवायची कशी?” तो म्हणाला, “मामा, ती हलत नाही, नवीच करायची. पण बरी आठवण केलीत. तुमचा जुना संगणक माझ्या यादीत अजून ‘चालू’ दाखवतोय.”

मी फोन हातात धरून गप्पच बसलो. पोरगा सोन्यासारखा, त्याने कधी डोकावले असेल असे मनातही येत नाही. पण मसालेवाल्याची उधारी, छापखान्याचे कर्ज, औषधवाल्याच्या घरखर्चाच्या उचली, हे सारे पाच वर्षे एका अशा खात्याच्या पलीकडे उघडे होते, जे माझे नव्हतेच! त्याचा फोन टोरांटोच्या गाडीत हरवला असता तर? गिऱ्हाइकाने वही दिली ती मला, माझ्या भाच्याला नव्हे.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी धरून चिंचपोकळी गाठली. टॅलीची नक्कल पेनड्राइव्हवर काढून नव्या यंत्रात उतरवली आणि दोन्हीकडचे तेरीजपत्रक पैपैशापर्यंत ताडून पाहिले. टॅलीचा परवानाही जुन्यावरून रीतसर ‘सरेंडर’ करून मग नव्यावर घ्यावा लागतो. मग माझ्या स्वतःच्या खात्यावर नवी वाट केली. नवा पिन, आणि खात्याला मोबाईलवरची दुहेरी खात्री. वाट चालते की नाही हे मात्र चाळीच्या वायफायवर पाहिले नाही. गॅलरीत उभा राहून मोबाईलच्या नेटवरून पाहिले, कारण घरातल्या घरात चालणारी वाट बाहेरून चालेलच असे नाही. ती चालली, तेव्हाच भाच्याला कळवले. त्याने यादीतून जुने नाव पुसले आणि खात्याचा पासवर्ड बदलला. जुन्या डिस्कवरचे सारे मी साफ केले.

एक गोष्ट वेगळी सांगतो. भाच्याला मी आपण होऊन आत घेतले होते. पण “बँकेतून बोलतोय, हे ॲप घ्या, त्यावरचा नऊ आकडी नंबर वाचून दाखवा,” असे फोन येतात, तेव्हा हीच वाट परक्याला दिली जाते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच यावर इशारा दिला होता. आमच्या चाळीतल्या एका निवृत्त शिक्षिकांनी नंबर सांगितलाही होता. दारात कुरिअरवाला आला म्हणून फोन ठेवला, तेवढ्याने वाचल्या! पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा.

त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला मी खोलीवरच होतो. नव्या यंत्राला हळदकुंकू वाहिले. कळफलकावर सांडू नये म्हणून काकूंनी वर वर्तमानपत्र धरले होते. किल्ली अजून त्यांच्याकडेच आहे. ती मी मागितली नाही.