चिठ्ठीचा अधिकार कुणाच्या हाती?

२९ जुलै २०१९ रोजी लोकसभेने राष्ट्रीय वैद्यकीय आयोग विधेयक मंजूर केले, तेव्हा डॉक्टरांच्या संतापाचा रोख प्रामुख्याने कलम ३२ वर होता. स्वतः कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक असलेले आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन सभागृहात विधेयकाची बाजू मांडत होते आणि बाहेर त्यांचेच व्यवसायबंधू निदर्शने करीत होते. या कलमाने ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ हा नवा वर्ग निर्माण केला. प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांपुरती ठरावीक औषधे स्वतंत्रपणे लिहून देण्याचा मर्यादित परवाना आणि अशा परवान्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशापर्यंतच, असे त्याचे स्वरूप. आधुनिक वैद्यकाशी ‘संबंधित’ व्यक्ती म्हणजे नेमकी कोण, हे ठरविण्याचे काम मात्र संसदेने आयोगावर सोपविले. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधरांचा आणि विद्यार्थ्यांचा प्रश्न या एका शब्दात दडलेला आहे.

आजचा कायदा स्पष्ट आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीबरहुकूम औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. चिठ्ठी लिहिण्याचा नाही. विद्यार्थ्याला तर यातले काहीच नाही. पदविकेसाठी दोन वर्षांचे शिक्षण आणि ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण, पदवीसाठी चार वर्षे, अशी ही वाटचाल आहे. २००८ मध्ये सहा वर्षांचा ‘फार्म. डी.’ अभ्यासक्रम आला आणि चित्र पालटले. या विद्यार्थ्याचे अखेरचे वर्ष रुग्णालयातच जाते. वॉर्डात डॉक्टरांबरोबर फिरणाऱ्या, औषधांचे परस्परविरोधी परिणाम पुष्कळदा अधिक बारकाईने जाणणाऱ्या या तरुणाने केवळ गोळ्या मोजून द्याव्यात काय, हा प्रश्न अगदीच गैर म्हणता येणार नाही.

वस्तुस्थितीही या प्रश्नाच्या बाजूने आहे. दिल्लीच्या वसाहतींत काय किंवा विदर्भातील तालुक्याच्या गावी काय, ताप आलेला मजूर प्रथम केमिस्टच्या दुकानात जातो. कारण दवाखान्याच्या रांगेत दिवस गेला की मजुरी बुडते. कायद्याने निषिद्ध असलेले ‘लिहून देणे’ तिथे तोंडी चालतेच. ब्रिटनने २००३ मध्ये डॉक्टरांशी सांगड घालून आणि २००६ पासून स्वतंत्रपणे, प्रशिक्षित फार्मासिस्टना हा अधिकार दिला. तेथे २०२१ मध्ये ठरलेल्या शिक्षणमानकांनुसार २०२६ पासून नोंदणी होणारे नवे फार्मासिस्ट तो अधिकार घेऊनच व्यवसायात येणार, अशी योजना आहे. पण लक्षात घ्यावयाचे ते असे, की तेथेही अधिकार मिळतो तो नोंदणीनंतर. विद्यार्थिदशेत मिळते ते देखरेखीखालचे शिक्षण.

विरोधाची कारणेही तितकीच वजनदार आहेत. औषधाचे ज्ञान म्हणजे रोगाचे निदान नव्हे. दुसरे असे, की औषध विकणाराच ते लिहून देऊ लागला, तर त्याचा गल्ला आणि रुग्णाचे हित यांत संघर्ष अटळ आहे. तिसरे कारण राजधानीला चांगलेच ठाऊक आहे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमधील एका विकराला नवी दिल्लीचे नाव जोडले गेले आणि २०१० मध्ये सरकारने त्यावर तीव्र आक्षेप घेतला. पुढे मार्च २०१४ पासून ‘अनुसूची एच-१’ लागू होऊन ४६ औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही बंधनकारक झाली. जिथे या नोंदवहीच्याच काटेकोर अंमलबजावणीचे आव्हान आहे, तिथे लेखणीचा अधिकार सरसकट वाटणे धाडसाचे ठरेल.

अर्धवट उपायांचा इतिहासही उत्साहवर्धक नाही. छत्तीसगडने २००१ मध्ये आणि आसामने २००४ च्या कायद्याने ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचे वैद्यकीय शिक्षणक्रम आखले. आसामचा कायदा गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. उच्च शिक्षणाच्या मानकांचा विषय केंद्राचा, हे त्यामागील सूत्र. महाराष्ट्राने २०१४ मध्ये होमिओपॅथीच्या डॉक्टरांना आधुनिक औषधशास्त्राच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर ॲलोपॅथीची दारे उघडली. तो वाद २०२५ मध्येही शमला नव्हता. डॉक्टरांच्या संघटनांनी त्या वर्षी संपाचे हत्यार उपसले. आधी अधिकार, मग मानके, हा क्रम उलटा असल्याचाच हा परिणाम होय.

तेव्हा विद्यार्थ्याच्या हाती चिठ्ठी देण्याचा विचार बाजूस ठेवणेच श्रेयस्कर. शिकण्याच्या वयातील चुकीची किंमत रुग्णाने का मोजावी? मात्र नोंदणीकृत ‘फार्म. डी.’ पदवीधराला सरकारी रुग्णालयात, विक्रीशी संबंध न ठेवता, डॉक्टरांनी निदान केलेल्या मधुमेह वा रक्तदाबाच्या रुग्णाचे चालू औषध लेखी नियमावलीनुसार पुढे सुरू ठेवण्याची मुभा देता येईल. त्यासाठी कलम ३२ च्या चौकटीत औषधांची यादी, पात्रता आणि चुकीची जबाबदारी ही तिन्ही शब्दबद्ध व्हावी लागतील. डॉक्टरांना आपले क्षेत्र राखायचे आहे आणि फार्मासिस्टना आपले विस्तारायचे आहे. दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या त्या तापाने फणफणलेल्या मजुराची मात्र कोणतीही संघटना नाही. त्याचा विचार सरकारनेच करावयाचा असतो.