इंजिन मरतंय? आधी फुगा दाबा

पावसाळाभर उभी राहिलेली होडी पाण्यात उतरली की आउटबोर्ड इंजिन चालू होतं, दोन मिनिटं धावतं आणि बंद पडतं. मेकॅनिकला बोलावण्याआधी इंधनाच्या नळीच्या मध्यावरचा रबरी फुगा, म्हणजे प्रायमर बल्ब, हातात घ्या. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. दाबताना बाणाचं टोक वर धरा. काही दाबांत फुगा टणक झाला पाहिजे. होतच नसेल तर नळी कुठेतरी हवा ओढतेय किंवा फुग्यातली झडप गेलीय. चालत्या इंजिनात फुगा चपटा होत असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो उघडायचाच राहिलेला असतो, आणि यात भलेभले फसतात! इंजिन गचके देताना फुगा दाबत राहिल्यावर ते सावरलं, तर संशय इंधनपंपाच्या पडद्यावर.

इंजिन चोक ओढूनच चालत असेल तर कार्बोरेटरचा जेट बुजलाय. पेट्रोलमध्ये पाणी आहे का बघायला कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून थोडं काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं. ती प्रमाणाबाहेर गेली की इथेनॉल पाण्यासकट तळाला बसतं. असं पेट्रोल ढवळून वापरू नका, टाकीच रिकामी करा.

टू-स्ट्रोकला ५०:१ मिश्रण सांगितलं असेल, तर १० लिटरला २०० मिलि तेल, ‘अंदाजे’ नको. सुटी टाकी होडीत नव्हे, जेटीवर भरा, आणि विडी लांब.